तिसरा कॉक

ज्याच्याकडून मी जमीन घेतली, त्याने मला फसवलं. आणि माझ्या शेतात संशोधन करायला आलेल्या मॅडमना मी फसवलं. पहिली गोष्ट मी गावभर सांगितली आहे. दुसरी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पंचवटीच्या बाजारात मी भाजीच्या जुड्या विकून सुरुवात केली. पुढे गाळा झाला, गाडी झाली, आणि स्वतःची जमीन हवी असं डोक्यात बसलं. मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक तुकडा मिळत होता. मालक हातभर जिभेचा, मीही तसाच. अर्धा दिवस घासाघीस केली. त्याने बोअर चालू करून दाखवली. मी पाइपच्या तोंडाशी हात धरला, धार किती जाड आहे ते पाहिलं, किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजलं. प्यायला पाणी मागितलं तर म्हणाला, "शेठ, पाणी काय पिता, चहा घ्या." दोन कप चहा झाला. शेवटी तो माझ्या आकड्यावर आला, तेव्हा मला वाटलं मी जिंकलो.

चहाचं पाणी गावातून हंड्याने आणलेलं होतं. बोअरचं पाणी खारं होतं. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि दोन महिने शेताला दिलं की मातीवर पांढरी पापडी धरते. आयुष्यभर मेथीची जुडी नाकाला लावून घेणारा मी, पाणी मात्र जिभेला लावलं नाही.

मी शेततळं खोदलं, त्यात पावसाचं पाणी साठवायला लागलो. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी संपायचं. मग पुन्हा तेच खारं. अशात या मॅडम आल्या. खाऱ्या पाण्यावर टोमॅटो कुठवर तग धरतो, यावर त्यांचं काम चाललं होतं. रोप लहान असताना गोडं पाणी द्यायचं आणि फूल धरल्यावर खारं दिलं तर चालतं का, हे त्यांना बघायचं होतं. तसं चालत असेल तर माझं तळं दीड-दोन महिने जास्त पुरलं असतं. म्हणजे तो प्रश्न त्यांच्याइतकाच माझा होता. तरी मी आधी विचारलं, "मला काय मिळणार?" रोपं, ठिबकच्या नळ्या आणि सगळा माल माझा, असं ठरवून घेतलं तेव्हाच हो म्हणालो.

तीन पट्टे झाले आणि पाणी सोडायचे तीन कॉक. पहिल्याला कायम तळ्याचं पाणी. दुसऱ्याला फुलापर्यंत तळ्याचं, नंतर बोअरचं. तिसऱ्याला पहिल्यापासून बोअरचंच. नोंदवही मॅडमनी माझ्या बायकोच्या हातात दिली. ती सातवीपर्यंत शिकलेली. रोज सकाळी ती पाऊस मोजायचं भांडं बघून यायची. कोणतं पाणी, किती वेळ, पाऊस किती, सगळं रेघा मारून लिहायची. मॅडम एकदा म्हणाल्या, "ताई, तुमच्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते." त्या दिवशी तिने मला ते दोनदा सांगितलं.

तिसऱ्या हंगामात, मॅडमच्या शेवटच्या, शेतकऱ्यांना शेत दाखवायचा दिवस ठरला. तिसरा पट्टा तेव्हा रडत होता. पानांच्या कडा जळलेल्या, झाडं गुडघ्याएवढी. तो तसाच असायला हवा होता, त्यासाठीच तो होता. पण जमीनविक्यालाही बोलावणं गेलं होतं. त्याने यावं, माझं जळलेलं पीक बघावं आणि मनात हसावं, हे मला सोसेना. पंधरा दिवस आधी मी तिसऱ्या पट्ट्याला तळ्याचं पाणी सोडलं. बायको म्हणाली, "अहो, हे वहीत काय लिहू?" मी ओरडलो, "रोज काय लिहितेस? बोअर लिही!"

तिने लिहिलं.

शेत दाखवायच्या दिवशी पट्टा हिरवागार. जमीनविक्या बांधावर उभा राहिला, पान उलटून बघितलं आणि पन्नास माणसांत म्हणाला, "बघा मंडळी. लय नाव ठेवत होता शेठ माझ्या पाण्याला. हे काय हाय मग?" लोक हसले. त्याने हसू नये म्हणून मी हे केलं होतं. मीच त्याला खरं करून दिलं, आणि तोंड उघडायची सोय ठेवली नाही.

आठवड्याने मॅडमनी मुळाजवळची माती तपासली. यंत्रावर क्षाराचा आकडा फार कमी आला, तो त्यांनी दोनदा पाहिला. "ताई, मधे पाऊस झाला का?"

मीच मधे बोललो, "झाला की एक शिरवा."

"पावसाच्या रकान्यात तर रोज शून्य आहे."

बायको उभी होती. म्हणाली, "पाऊस नाही झाला, मॅडम. तळ्याचं पाणी गेलं. मी खोटं लिहिलं." माझं नाव तिने घेतलं नाही.

मॅडम खाली बसल्या. तुलनेचा पट्टाच गेला, म्हणजे हंगाम गेला, आणि पुढचा हंगाम त्यांच्याकडे नव्हता. तेव्हा गप्प बसायचं सोडून मी चढलो, "चार झाडांना पाणी पाजलं, खून नाही केला कोणाचा!" त्यांनी पट्ट्यांच्या खुणेच्या खुंट्या उपटल्या आणि त्या गेल्या. वही बायकोजवळ राहिली. तेव्हापासून किराण्याची यादीसुद्धा ती मला सांगते, मी लिहितो.

आता दर वर्षी तळं आटत आलं की मी टोमॅटोच्या फुलांकडे बघत उभा राहतो. खारं सोडू का नको? ज्या बाईकडून हे कळणार होतं, तिला मी घालवलं.

परवा एका लग्नात जमीनविक्या भेटला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "तो चहा कोणत्या पाण्याचा होता?" तो पान चघळत म्हणाला, "शेठ, टमाटे अख्ख्या गावाने बघितलेत."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "त्याला चारचौघांत एकदा चहाचं कबूल करू दे. मग मी मॅडमना फोन करून माझं सांगतो."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इथे भाव करू नका. त्याचं तो बघेल. वहीत अक्षर माझं आहे आणि कॉकवर हात तुमचा होता. आधी तुम्ही जबाब द्या."