लुडविनाची भिंत

पोलंडमधल्या टाट्रा डोंगराच्या पायथ्याशी आमच्या गावात सून कशी आहे हे कुणी विचारत नसे; घराची भिंत बघितली की कळायचं. घरं ओंडक्यांची. ईस्टरच्या आधी बाया भिंती आतूनबाहेरून साबणाने घासायच्या. लाकूड सोनेरी राहिलं तर बाई संसारी, करडं पडलं तर आळशी. लुडविना लग्न होऊन आली आणि सासूच्या धाकाखाली हेच शिकली. पुढे जन्मभर तिच्या भिंतीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

कम्युनिस्टांच्या राज्यात लोकांनी सिमेंटचे खोके उभे केले. तिच्या मुलाने, श्चेपानने, घरामागे एक बांधला. लुडविना त्यात पाऊल टाकायला तयार नव्हती. मग ते राज्य गेलं, पर्यटक आले, आणि कालपर्यंत लाकडी घरांना नाकं मुरडणाऱ्यांना आपल्या डोंगरी परंपरेचा एकाएकी पुळका आला. श्चेपानला लॉज काढायचा होता, अस्सल डोंगरी. त्यासाठी आईचं घर पाडायला हवं होतं.

"आई, तुझ्याच भिंती नव्या इमारतीला लावतो. शब्द देतो," तो म्हणाला.

पोटच्या पोराचा शब्द. ती हो म्हणाली आणि सिमेंटच्या खोक्यात राहायला गेली.

शब्द त्याने पाळला म्हणायचा. ओंडके चिरून बोटभर जाडीच्या फळ्या केल्या आणि काँक्रीटवर ठोकल्या. क्राकूफहून आलेल्या आर्किटेक्टला त्यांचा सोनेरी रंग पसंत पडला नाही. लाकूड फार नवं दिसतं, म्हणाला. पाहुण्यांना जुनं हवं. म्हणून सगळ्या फळ्यांना करडा रंग दिला. मासिकात फोटो छापून आला, खाली या मातीची ओळख वगैरे लिहिलेलं. असल्या ओळखीला आग लागो.

रंगाचं लुडविनाला कुणी सांगितलंच नव्हतं. चर्चला जाताना शेजारणी भिंतीकडे बघून गप्प होत, ते तिला शिवीपेक्षा लागायचं. ईस्टरच्या आदल्या दिवशी घरची माणसं सणाच्या खाण्याच्या टोपल्या घेऊन चर्चमध्ये आशीर्वादाला गेली तेव्हा तिने बादली, साबण आणि ब्रश काढला. मंडळी परतली तोवर दाराजवळची भिंत पुन्हा सोनेरी झाली होती. कोपरापर्यंत भिजलेली लुडविना खूश होऊन उभी होती.

"आई, काय केलंस हे? तो रंग होता."

"घाण होती, श्चेपान. तुझ्या बायकोला सवड नाही, म्हणून मी धुतली."

"त्या घाणीसाठीच लोक येतात इथे."

सण सरताच रंगारी आला. पण सून बोग्ना हुशार. म्हातारीला भिंत धुताना बघायला पाहुणे थांबले होते, हे तिने हेरलं होतं. पुढच्या ईस्टरला तिने शहरातून एक देखणी पोरगी आणली, भरतकामाचं पोलकं आणि पोवळ्यांच्या माळा घातलेली. हातात ब्रश. बादलीत साबण सोडाच, पाणीसुद्धा नव्हतं.

पाहुणे कॅमेरे घेऊन जमले. लुडविना जुन्या कोटात बाहेर आली. पोरगी ब्रश आडवातिडवा फिरवत होती. न राहवून लुडविना पुढे झाली आणि तिने ब्रशला हात घातला.

"आजी, जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय," एक पाहुणी गोड आवाजात म्हणाली.

लुडविनाने मुलाकडे पाहिलं.

"हो गं आई, जरा बाजूला हो," श्चेपान म्हणाला.

ती बाजूला झाली.