पाठमोरी बाई

कोट हातात आला की ती आधी मालकादेखत त्याचे खिसे उलटे करायची. "बघून घ्या. नंतर माझ्या नावाने शंख नको." नाचघराच्या दाराशी गिऱ्हाइकांचे कोट सांभाळण्याचं तिचं काम; तिथल्या नोकरांनी तिचं नाव झडतीबाई पाडलं होतं. माणसांची तोंडं ती बघतच नसे. तोंडं खोटं बोलतात, कोट नाही, असं तिचं म्हणणं. कॉलर, अस्तर, बटणं यांवरून ती माणूस ओळखायची. तोच माणूस दिवसा बिनकोटाचा समोर आला, तर ओळख ना पाळख.

खोटं मात्र ती स्वतःही बोलली होती. एकुलत्या मुलीचं लग्न ठरताना तिने विहीणबाईंना सांगितलं होतं, "इस्पितळात रात्रपाळी असते मला." नाचघराचं नाव निघतं, तर सोयरीक तिथंच मोडली असती. तेव्हापासून तिला जो तो हेर वाटायचा.

कोपऱ्यातल्या टेबलाशी एक दाढीवाला रोज एकच पेला पुढ्यात घेऊन बसू लागला. नाचत नाही, बोलत नाही, नुसता बघतो. एकदा त्याच्या खिशातून कोळशाची कांडी निघाली आणि घडी घातलेला कागद. कागदावर तीच.

"कुणी धाडलं तुम्हाला? मुलाकडच्यांनी?"

"कुठला मुलगा? अहो, चित्रकार आहे मी. या जागेचं मोठं तैलचित्र करतोय."

"मग नाचणाऱ्यांचं करा. माझं तोंड दिसलं त्यात, तर कोट विसरा!"

तो हसला, पण त्याने ऐकलं.

उन्हाळ्यात चित्र प्रदर्शनात लागलं. सगळा गाव लोटला, तशा विहीणबाईही व्याह्यांना आणि तिला ओढतच घेऊन गेल्या. गॅसच्या दिव्यांचा पिवळट उजेड, घामेजलेले गाल, सांडलेली दारू, उसवलेली झालर. चित्रकाराने काही म्हणता काही झाकलं नव्हतं. फक्त दाराशी एक बाई पाठमोरी, हातांवर कोटांचा ढीग. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात विहीणबाई चित्रातल्या ढिगाकडे वाकल्या. "अहो, हा तुमचा कोट!"

"कोटासारखे कोट असतात," व्याही म्हणाले.

"बाहीला दोन काळी बटणं आणि एक तपकिरी? मी लावलंय ते. आणि तुम्ही म्हणे मित्राकडे बुद्धिबळ खेळता!"

तिने बटण बघितलं. दर शनिवारी हातात येणारा कोट! मग तिने पहिल्यांदाच व्याह्यांचं तोंड नीट न्याहाळलं. ते चित्रातल्या पाठीकडे बघत होते, मग तिच्याकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"संध्याकाळी जाऊन या कोटवालीलाच विचारते," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हीही चला सोबतीला."

ती चटकन मध्ये पडली. "विचारा की. पण लग्न तोंडावर आलंय. तुम्ही नाचघराच्या दारात उभ्या दिसलात, तर लोक कोटाबद्दल बोलतील की तुमच्याबद्दल?"

विहीणबाईंची नवऱ्यावरची नजर तिच्यावर आली आणि जरा जास्तच थांबली. "तुम्हाला बरं सुचतं हो सगळं!"

"बरोबरच बोलल्या त्या," व्याही घाईघाईने म्हणाले. "आणि तारीख पुढं ढकलायची नाही. सुनेचे कपडे आजच घेऊन टाकू."

"तुम्ही दोघं घ्या," ती म्हणाली. "मी जरा झोपते जाऊन. रात्री ड्यूटी आहे."