जिलबीवरचा खोटा आळ

मामांनी जांभई दिली की जबडा कानापर्यंत फाकायचा. एकामागून एक चार. "झोप न्हाई बाई," ते आरशातून सांगायचे, "डोक्याची वरात निघून राह्यली."

जुन्या जालन्यातले हे आमचे रिक्षावाले मामा मला रोज शाळेत शिकवायला सोडायचे. त्यांना अर्धशिशी होती. आधी डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेघा, मग अर्धा रस्ता गायब, मग ओकाऱ्या आणि दिवसभर अंधारी खोली. स्टँडवरचे हसायचे, "हे बायकांचं दुखणं!" मामा म्हणायचे, "तुमाला व्हायचंच न्हाई. त्याला डोकं लागतं."

दोष मात्र ते जिलबीला द्यायचे. जिलबी खाल्ली की दुसऱ्या दिवशी झटका ठरलेला. म्हणून बारा वर्षं तोंडाला लावली नाही. मुलीच्या लग्नात तर आपल्या पानातली त्यांनी व्याह्यांच्या पानात ढकलली. झटके येतच राहिले.

शेवटी मीच त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मामा, डोकं दुखायच्या आधीच मेंदूत झटका सुरू झालेला असतो. जांभया, गोड खावंसं वाटणं, ही त्याचीच कामं. जिलबीनं झटका येत नव्हता. झटका यायला लागला म्हणून जिलबी हवीशी वाटायची."

 मामा उसळले, "म्हंजे बारा वर्षं ती बिचारी बेकसूर आत व्हती? आन् गुन्हेगार साला वर बसून मलाच अक्कल शिकवून राह्यला!"

गोळ्यांनी झटके कमी झाले, थांबले नाहीत. माझ्या लेकीच्या बारावीच्या पहिल्याच पेपरला निम्म्या वाटेत जांभया सुरू झाल्या. मामांनी रिक्षा कडेला घेतली. "उतरा."

"मामा, पेपर आहे!"

"म्हनूनच उतरा. आत्ता दिसून राह्यलं, दहा मिन्टानं दिसंल याचा भरोसा न्हाई."

मी नाही नाही ते बोलले. त्यांनी फोन लावला तो स्टँडवरच्या हाडवैऱ्याला. सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. "जल्दी ये. पोरीचा पेपर हाय."

तो आला. लेक वेळेत पोचली. मी परतले तेव्हा मामा डोळ्यांना रुमाल बांधून नालीत ओकत होते.  मी पाण्याची बाटली धरून उभी राहिले.

पुढच्या वर्षी, कुणी न सांगता, त्यांनी रिक्षा सोडली आणि शहागडला मुलीकडे गेले. आता मला तो हाडवैरी सोडतो. परवा म्हणाला, "काल शहागडला गेल्तो."

"काय बोललात दोघं?"

"काय बोलायचं? गोदावरीत पाय सोडून बसल्तो." त्यानं गिअर टाकला. "लई गार पानी व्हतं, बाई."