टेकूवाले चाचा

ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं चाचा काहीच ऐकून घेत नसत. बॉनेट उघडायचं, आत हात घालायचा आणि म्हणायचं, "बस. दाब." सीटवर मात्र जो गाडी चालवतो तोच हवा. मालकाने बसायचं म्हटलं तर हातानेच बाजूला सारत. "जो चालाडस, त्यानाच पाय पाहिजे."

म्हसावदला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. घाट चढण्याआधी धडगावच्या जीपा तिथे थांबत. अंगठा तुटलेल्या चपला, कानामागे पेन्सिल, आणि तळहात असा की गरम लोखंडावरही निवांत टेकायचा. जीपवाले त्यांना टेकूवाले चाचा म्हणत. जुन्या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर ज्या पत्र्यावर बसवलेला असतो तो पत्राच नरम पडतो. पाय दाबला की सिलिंडरही पुढे सरकतो आणि निम्मा जोर वाया जातो. चाचा जाड पट्टी कापून तिचं एक टोक चाकावरच्या बॉडीच्या मजबूत भागाला बोल्टने आवळत आणि दुसरं टोक सिलिंडरच्या नाकाला टेकवत. झाला टेकू.

मला धडगावला कचेरीत नोकरी लागली तेव्हा पप्पांची अट एकच होती. "चाचांनी आपली जुनी गाडी पास केली तर ती घेऊन जा. नाहीतर नोकरी राहू दे." सोमवारी हजर व्हायचं होतं. आम्ही शनिवारी गॅरेजात गेलो.

मी शहाद्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. अहिराणी सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की जीभ जड होते. मग मी गप्पच राहते. चाचांनी सीटकडे बोट केलं. मी पेडल दाबलं. आत त्यांचा हात सिलिंडरवर होता. "हालस," ते पप्पांना म्हणाले. "बोटभर हालस. ही गाडी घाटमा नई जावाव."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चाचांनी पट्टी शोधायला घेतली.

दुपारपर्यंत टेकू बसला. "आते दाब." पेडल दगडासारखं घट्ट लागलं. सिलिंडर तसूभरही हलला नाही. जीपवाले "वा चाचा" म्हणाले, पप्पा हसले. मला मात्र काहीतरी वेगळं लागत होतं. आधी पाय ठेवल्यावर पेडल जरासं सैल खाली जायचं आणि मग ब्रेक लागायचा. आता ते सैल उरलंच नव्हतं. सांगावं का? इतकी माणसं, चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस, आणि मी. बोलले तर गाडी नापास होईल ही भीतीही होतीच. मी सीटवरून उतरले.

चाचा बॉनेट लावता लावता थांबले. "काय लागनं?"

"काही नाही."

"तोंडवर तं दिसी ऱ्हायनं. इंग्रजीमा बोल, पन बोल. ब्रेकना मामलामा लाजानं नई."

जीपवाले हसले. मी कशीबशी म्हणाले, "आधी थोडं सैल होतं. आता नाहीये."

चाचांनी हाताने पेडल हळूच दाबून पाहिलं, मग पुन्हा. "बरोबर शे पोरनं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी बोल्ट जास्ती आवळी टाका. पत्रा मांगे दबी ग्या. अशी गाडी लई गई अस्ती तं पाय काढावर बी ब्रेक सुटताच नई. आर्ध्या घाटमा चाकं पेटतात." त्यांनी बोल्ट मागे घेतला, टेकू नुसता शिवेल इतकाच ठेवला आणि मला पुन्हा बसवलं. तीनदा. मग किल्ली पप्पांच्या पुढे झालेल्या हातावरून माझ्या हातात दिली.

सोमवारी धडगावला पोहोचल्यावर मी चाचांना फोन केला.

"चाकंसले हात लाया का?"

"लावला. ठेवता येतो, तापली नाहीत."

"मंग कामले लाग," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चाचा मागच्या उन्हाळ्यात गेले. जनाजा निघाला तेव्हा मी धडगावहून परतत होते. म्हसावदच्या रस्त्यावर जीपा ओळीने उभ्या होत्या, सगळे ड्रायव्हर खाली उतरलेले. मीही गाडी बाजूला घेऊन उतरले. शेजारच्या ड्रायव्हरने विचारलं, "ताई, तुम्ही त्यासन्या कोन?"

"मन्ही गाडीना ब्रेक त्यासनी बांधेल शे," मी म्हणाले.

"मन्हा बी," तो म्हणाला, आणि सरकून त्याने मला पुढे जागा करून दिली.