ह्यांच्या वाटचा रामराम

आमचे हे सायकलवर बसले की त्यांचा उजवा हात हँडलवर कमी आणि हवेत जास्त असायचा. समोरून सायकलवाला आला की हात. मागचा ट्रक हॉर्न न वाजवता जरा दमानं मागं राहिला आणि मग बाजूनं गेला, की त्याला हात. रस्त्याच्या कडेनं एखादं म्हातारं माणूस चालताना दिसलं तर हे चक्क खाली उतरायचे, रामराम घालायचे आणि मगच परत टांग मारायचे. आमचं घर केडगावात आणि ह्यांची नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, म्हणजे रोज अख्खं नगर शहर ओलांडून जाणं आलं. तेवढ्या वाटेत हा माणूस किती जणांना रामराम घालत असेल ते देव जाणे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "निवडणुकीला उभं राहायचंय का?"

"उभं राहणाऱ्याचा हात मतदानापर्यंतच वर असतो," हे म्हणाले आणि हवा भरायला लागले.

मी तशी नाही. मी तापट आहे आणि ते मला माहीत आहे. आयुष्यभर एका कचेरीत कारकुनी केली. तिथं समोरच्यानं नमस्कार केला तरी फायलीतून मान वर न काढता "बसा" म्हणायचं, एवढीच आमची रीत. ओळख ना पाळख, उगाच कुणाला कशाला हात करायचा? आणि बाईमाणसानं अनोळखी ड्रायव्हरला हात करायचा ही गोष्ट तर माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

रिटायर झाल्यावर ह्यांचं कारखान्याला जाणं सुटलं, पण सायकल सुटली नाही. रोज सकाळी नेप्तीच्या रस्त्यानं जायचे आणि तासाभरानं परत यायचे. त्या रस्त्याला कांद्याचे टेम्पो असतात, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या सायकली असतात, शाळेला निघालेली पोरं असतात. परत आल्यावर चहा घेताना आज कोण भेटलं ते सांगायचे. त्या सांगण्यात नाव कुणाचंच नसायचं. "तो निळ्या स्वेटरवाला", "तो एक पाय वाकडा टाकून पॅडल मारणारा". वर्षानुवर्षं रामराम आहे, पण नाव-गाव विचारलेलं नाही. ते विचारायचंही नसतं म्हणे.

त्यांचे कायदे ठरलेले होते. हात कोपरातून उचलायचा नाही, तो पुढारीपणा झाला. नुसता पंजा हँडलवरून वर घ्यायचा. ज्याच्या सायकलला ओझं आहे त्याला हात करायचाच नाही, तोंडानं रामराम म्हणायचं. नाहीतर त्यालाही उलट हात करावासा वाटतो आणि किटल्या डुलायला लागतात. पहाटे समोरच्या गाडीवाल्यानं डोळ्यांवर येणारा लाईट खाली घेतला, तर त्याला हात केलाच पाहिजे.

"अंधारात त्याला काय दिसणार तुमचा हात?" मी विचारलं होतं.

"मला दिसतो ना."

असल्या माणसाशी काय बोलणार! मी कप उचलून आत गेले होते.

गेल्या थंडीत ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून थोडक्यात निभावलं. पाय लवकर सावरला. बोलणं जरा संथ झालं, एकेक शब्द शोधून आणल्यासारखं, पण समजायचं सगळं. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. बोटं कशीबशी वळायची, हँडलभोवती बसायची, पण उचल म्हटलं की तो हात ऐकायचा नाही. रबरी चेंडू दाबून झाला, भिंतीवरून बोटं वर चढवण्याचा व्यायाम झाला. मी समोर बसून कवायत घेतल्यासारखी मोजत राहायचे आणि हे मुकाट्यानं करत राहायचे. त्यांचं ते मुकाट्यानं करणं मला बघवत नसे.

उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "तोल चांगला आहे. मोकळ्या रस्त्यावर थोडी थोडी सायकल चालवायला हरकत नाही. फक्त डावा हात हँडलवरून काढायचा नाही, उजव्याच्या भरवशावर राहू नका. पण घरात बसवून ठेवू नका त्यांना. अशी माणसं एकदा बसली की बसतात."

दुसऱ्याच दिवशी हे सायकल घेऊन निघाले. मी फाटकापाशी उभी राहून कोपऱ्यापर्यंत बघत होते. जीव मुठीत होता, पण पाठ ताठ होती ह्यांची. मी आत येऊन पोह्यांना फोडणी देते न देते तोच फाटक वाजलं. सायकल भिंतीला लावली होती आणि हे पायरीवर बसले होते.

"पडलात का?"

त्यांनी मान हलवली. मग सावकाश म्हणाले, "तो निळ्या स्वेटरवाला आला. त्यानं लांबनं हात केला. मला करता नाही आला."

"मग?"

"तो वळून बघत गेला."

मला वाटलं, एवढंच ना? पण ते एवढंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सायकलवर मी धूळ बसू दिली नाही, पण हे तिच्याकडं बघेनात. खुर्चीत बसून राहायचे, पेपर उलटा-सुलटा करायचे, दुपारी झोपायचे, पुन्हा खुर्चीत. डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात वाजत राहायचं. हा माणूस असा बसला तर बसलेलाच राहील, ह्याची मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला राग येतो. शेवटी भांडायलाच बसले.

"अहो, त्या किटल्यावाल्याला तुम्हीच सूट देता ना? त्याच्याकडून हाताची अपेक्षा नाही. मग तुम्हाला का सूट नाही?"

ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "त्याचं ओझं दिसतं. माझं दिसत नाही. लोक म्हणतील, माजला."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडू ऐकू जाऊ नये म्हणून.

रात्री झोपताना मी सांगून टाकलं, "उद्यापासून मी तुमच्या पुढं सायकल चालवणार. तुमच्या वाटचे रामराम मी घालीन. तुम्ही फक्त मागून या."

हे अंधारात हसल्यासारखं वाटलं. "तू?"

"हो, मी. त्यात काय एवढं?"

मुलीची जुनी लेडीज सायकल गच्चीवर पडून होती. टायर बदलून, तेलपाणी करून घेतलं. सायकल मला लहानपणी यायची, पण मध्ये एवढी वर्षं गेल्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा घराजवळची गटार कशी चुकवली ते माझं मला माहीत. पंजाबी ड्रेस आणि पायात बूट अशी मी निघाले, तेव्हा शेजारच्या खिडक्यांना डोळे फुटले होते. फुटू देत म्हटलं.

नेप्तीच्या रस्त्याला लागलो. मागून कांद्याचा टेम्पो येत होता. त्यानं हॉर्न वाजवला नाही, वेग कमी केला, आमच्यापासून चांगलं अंतर ठेवून बाजूला घेतलं. मला वाटलं, हाच तो सभ्य ड्रायव्हर. तो अगदी शेजारी आला तेव्हा मी हात चांगला उंच केला. करकचून ब्रेक लागला. टेम्पो पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"कुटं जायचंय मावशी? सायकल टाकू का मागं?"

"नाही नाही, मी आपली… तुम्ही नीट चालवलंत म्हणून."

"आँ?"

"नीट चालवता तुम्ही. म्हणून हात केला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मागं ह्यांच्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "मंग नगं का सोडायला?"

"नको."

"बरं," म्हणाला आणि मान हलवत गेला. बाईचं डोकं फिरलंय अशी त्याची खात्री झाली असणार. मी घामाघूम. तेवढ्यात मागून एक विचित्र आवाज आला. मी घाबरून वळले तर हे एक पाय रस्त्यावर टेकून, हँडलवर वाकून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. वारं गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी चिडून ओरडले, "हसताय काय! सांगा की कुठं चुकलं ते!"

"गाडी पुढं गेल्यावर हात करायचा," हे दम घेत घेत म्हणाले. "तो आरशात बघतो. आधी केला तर… थांब म्हणून होतो."

हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. सायकलवरचा हात कधी आभार होतो आणि कधी गाडी अडवणं होतो, ते सगळं त्या एका क्षणावर आहे.

पुढं मी शिकत गेले. सुरुवातीला मी कुणालाही हात करायचे, अगदी अंगावर चिखल उडवून जाणाऱ्यालासुद्धा. ह्यांनी मागून सांगितलं, "त्याला नको. त्याला सवय लागेल." समोरून सायकलवाला आला की मी एकदा पंजा उचलायचे, आणि मग मान मागं वळवून पुन्हा एकदा. एक माझा, एक मागच्या माणसाचा. लोकांना दोन-चार दिवसांत कळलं. मी काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. निळ्या स्वेटरवाला (उन्हाळ्यात त्याच्या अंगात बनियन असायचं, पण आमच्या घरात तो निळ्या स्वेटरवालाच) मला एक हात करायचा, ह्यांना एक. आणि हे मान लववायचे.

किटल्यावाल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो तोंडानं रामराम घालणारा. पहिल्या दिवशी शेजारून जाताना म्हणाला, "रामराम काकू, रामराम काका." ह्यांनी उत्तर जुळवेपर्यंत तो पार पुढं निघून गेला. 'रामराम' ह्यांच्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा रस्ता रिकामा होता. ह्यांचा चेहरा पडला. पुढचे दोन-तीन दिवस तेच. मग एक दिवस तो अजून पार लांब, वळणावरच होता, तिथूनच त्यानं मोठ्यांदा हाळी दिली, "रामराम ओ काका!" ह्यांनी शब्द शोधला, जुळवला आणि किटल्या खणखणत शेजारी आल्या त्याच वेळी ह्यांचं "रामराम" पुरं झालं. तेव्हापासून तो रोज वळणावरूनच हाळी देतो. त्याला कुणी सांगितलं होतं हे? कुणीच नाही. ज्या रस्त्यावर मला उगाच हात करणारी रिकामटेकडी माणसं दिसायची, तिथं इतकी माया आहे हे मला ह्या वयात कळलं.

परवाची सकाळ. कांदा साठवायच्या चाळींच्या जरा अलीकडं माझ्या सायकलची चेन उतरली. मी खाली बसून खटपट करायला लागले. हे थांबले होते. मी म्हटलं, "तुम्ही चला हळूहळू, मी येते." बोलून गेले आणि मग लक्षात आलं की हे एकटे जाणार. पण हे निघालेसुद्धा होते. मी काळ्या हातांनी चेन ओढत होते आणि नजर त्यांच्या पाठीवर होती. रस्ता वळला, पाठ दिसेनाशी झाली.

चेन बसली. मी घाईनं निघाले. वळण ओलांडलं तर हे समोरून परत येताना दिसले. पुढं जाऊन, वळून, माझ्याकडं येत होते. रस्ता सरळ होता, आम्ही दोघं दोन बाजूंनी येत होतो.

घरच्या माणसाला रस्त्यात रामराम घालायची आपल्याकडं पद्धत नाही. बाजारात समोरासमोर आलो तरी "कोथिंबीर घेतलीस का?" एवढंच. संसाराच्या इतक्या वर्षांत ह्यांनी अख्ख्या रस्त्याला हात केला, मला कधी केला नाही आणि मला तो कधी हवासाही वाटला नाही.

जवळ आल्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डावा हात हँडलवर घट्ट होता. आणि उजव्या हाताचा पंजा हँडलवरून उचलला गेला. फार नाही, चार बोटं वर. पण उघडा होता, आणि माझ्याकडं होता.

मला पॅडल मारता येईना. मी रस्त्याच्या मधोमध पाय टेकून उभी राहिले. समोरचं काही दिसत नव्हतं. चेनचं काळं लागलेल्या हातांनी डोळे पुसले, तर तोंडही काळं झालं. हे शेजारी येऊन थांबले. मी विचारलं, "कधीपासून उचलतोय?"

"आत्ताच."

"आणखी कुणाला केला?"

त्यांनी मान हलवली. कुणालाच नाही.

तेवढ्यात आमच्या बाजूनं एसटी हळूच पुढं निघून गेली. ती कधी आली, किती वेळ माझ्या मागं थांबली होती, मला पत्ता नव्हता. एकदाही हॉर्न वाजला नव्हता. मी काळं तोंड घेऊन तिच्याकडं नुसती बघत राहिले.

हे माझ्यावर रागावले. शब्द जुळवायला वेळ लागला, पण रागावले ते नीटच.

"तो एवढा वेळ थांबला होता. त्याला हात नाही केलास."