तळ ओलांडलेलं पातं

माख्टेल्ड डेल्फ्टमध्ये कॉम्प्युटरवर पवनचक्क्या फिरवायची. फिरत्या पात्याभोवतीच्या हवेचे लाखो तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा कसा वळतो ते गणिताने काढायचं, हे तिचं काम. तिचे वडील सिट्से गावाकडे पाणी उपसणारी जुनी लाकडी पवनचक्की सांभाळत.

"तुझा वारा कधी कुणाची टोपी उडवतो का गं?" ते चिडवायचे.

"नाही बाबा, म्हणून तर माझी टोपी शाबूत आहे."

मार्चमध्ये म्हातारा गेला. आसपासच्या चक्कीवाल्यांनी रीतीप्रमाणे आपापल्या चक्क्या दुखवट्यात उभ्या केल्या. खालचं पातं फेरीचा तळ ओलांडून जरासं पुढे थांबवलेलं, निघून गेलेल्या माणसासारखं. माख्टेल्डच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

दफन उरकून ती कामावर आली. पातं कुठल्या कोनातून सुरू करायचं, हे कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं. एरवी ती शून्य टाकून मोकळी व्हायची. त्या दिवशी तिने एक पातं तळाच्या जरा पुढे ठेवलं.

शेजारच्या रुर्डला दुसऱ्याच्या पडद्यात नाक खुपसायची खोड. तोही चक्क्यांच्याच गावचा.

"हा कोन कशाला? चार फेऱ्यांत सगळं सारखंच होतं. उत्तरात काही फरक पडणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "नाहीच पडत."

रुर्ड पडद्याकडे बघत राहिला. मग आपल्या जागेवर गेला, अर्ध्यावर आलेलं स्वतःचं गणित त्याने थांबवलं आणि त्याच कोनातून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.