आधी भिंतीकडे तोंड करा!

आमच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. फॉर्म भरायला घेतला की सर्व्हर लटकतो, आणि लटकलेली माणसं बोलायला लागतात!

अंबरनाथ पूर्वेला मी आणि माझी विद्यावहिनी लोकांना ऑनलाइन कामांत मदत करतो. वहिनीचा नियम एकच, पण कडक. पासवर्ड आणि ओटीपी ज्याचा त्याने टाकायचा, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. बाकीच्यांनी म्हणजे मी, वहिनी आणि अख्खी लाइन!

*

एकदा अशीच सात-आठ माणसं गप्प, भिंतीकडे तोंड करून उभी. तेवढ्यात शेजारच्या शहरातल्या कॅम्प एकचे कापडवाले लच्छूशेठ आत आले. बघताच त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि हळूच विचारलं, "कौन गुजर गया, भाई?"

"कोणी नाही हो शेठ, पासवर्ड चाललाय!"

"अच्छा!" म्हणाले, आणि तेही भिंतीकडे वळले.

*

एका सकाळी कॉम्प्युटर कुठलीच साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी एकच लाल बोंब, कनेक्शन सुरक्षित नाही! वहिनी म्हणाली, व्हायरस. शेवटी सापडलं ते असं, की आतली बॅटरी मेल्यामुळे कॉम्प्युटरची तारीख दहा-बारा वर्षं मागे गेली होती, म्हणून कुठल्याच साइटची ओळख त्याला पटत नव्हती.

मी तारीख बदलायला गेलो, तर कारखान्यातून रिटायर झालेले जोशीकाका ओरडले, "थांब रे! राहू दे तेच साल. तेव्हा माझे गुडघे चांगले होते!"

*

आता जांभूळ गावच्या जनाकाकू. म्हशी पाळून, दूध घालून त्यांनी मुलीच्या, संगीताच्या, नर्सिंग कॉलेजसाठी पैसे जमवले. ते सगळे एकाच खात्यात, आणि खातं काकूंच्या मोबाइलवर. त्यामुळे काकूंचा जीव कायम त्या मोबाइलमध्ये.

पहिल्यांदा पासवर्ड टाकताना त्यांनी आम्हाला तर भिंतीकडे वळवलंच, वर भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडरही उलटं करायला लावलं. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. म्हशीचं नाव होतं!

वहिनीने लगेच पासवर्ड बदलायला लावला. काकू म्हणाल्या, "थांब गो, दुसऱ्या म्हशीचं नाव आठवू दे!"

*

आणि परवा! समोरच्या भाजी मार्केटमधून काकू धापा टाकत दुकानात आल्या.

"पोलिसाचा व्हिडिओ कॉल आला रं! म्हणतो, तुमच्या नावावर गुन्हा हाय, अटक करीन. लिंक पाठवलीय, तिच्यात ओटीपी टाका."

संगीताचं कॉलेज डोळ्यांसमोर तरळलं. "काकू, टाकलात?"

"टाकणारच होते! पोलिसाला नाय कसं म्हणू? पण नियम तो नियम. म्हटलं, सायेब, आधी उठा आन् भिंतीकडं तोंड करा."

"मग?"

"उठला नं! वर वर्दी, बिल्ले, समदं. आन् खाली फुलाफुलांची चड्डी! तवाच मना कळलं."

वहिनीने देवाला हात जोडले. "मग लगेच फोन कट केलात ना?"

"कट कशाला करू? तुमाला दाखवायचा होता नं!"

काकूंनी भाजीच्या पिशवीतून, मेथीच्या जुडीखालून मोबाइल काढला आणि आमच्यासमोर धरला.

तो अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता!